नवा पत्ता मागाहून कळवतो

आमच्या कॉलेजात परदेशी जाऊन आलेला मी एकटाच, म्हणून मुलं मला विचारतात. होस्टेलच्या खोलीत येतात, माझ्या ट्रंकेवर बसतात आणि म्हणतात, "पहिल्यांदाच जायचं असलं तर काय काय करावं लागतं रे?" मी सांगू लागतो. पासपोर्टचा अर्ज लवकर करावा, कारण तो आधी खांडव्याच्या कचेरीत जातो, मग नागपूरला, आणि मध्ये पोलीस घरी येऊन चौकशी करतात. देवीची आणि कॉलऱ्याची टोचणी निघायच्या तोंडावर घेऊ नये, दंड सुजतो, ताप येतो. नवे बूट घालून निघू नये. इथपर्यंत मला सांगता येतं. मग कोणीतरी विचारतं, "पण तुला हे सगळं कोणी शिकवलं?" आणि मी अडखळतो.

माझ्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नाही. वडील बुऱ्हानपुरातच, तिथल्या लालबागच्या गिरणीत साच्यावर आहेत. आई सही करते, तीही हळूहळू. जपानला रंगाई आणि विणकाम शिकायला वर्षभरासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा आमच्या घरात नकाशासुद्धा नव्हता. माझी तयारी करून दिली ती काकूनं. तिनं भुसावळच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही. परदेशी जाताना काय करावं हे तिला ठाऊक होतं, कारण काय करायचं राहून गेलं की काय होतं, हे तिनं घरात बसून पाहिलं होतं.

काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, मी लहान असताना सिंगापूरला गेले. मुंबईच्या एका कापडवाल्या पेढीनं तिथं हिशेब लिहायला माणूस मागितला होता. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, मूलबाळ नव्हतं. दोनेक वर्षं पत्रं येत राहिली. मग लढाई समुद्रापर्यंत आली. त्यांचं शेवटचं कार्ड आलं त्यात लिहिलं होतं की इथली जागा सोडतो आहे, नवा पत्ता मागाहून कळवतो, काळजी नसावी. त्यानंतर काही आलं नाही. लढाई संपल्यावर वडिलांनी मुंबईच्या पेढीला लिहिलं. पेढी बंद झाली होती. एका जुन्या कारकुनानं उत्तर पाठवलं, की सिंगापूरच्या माणसांचं आम्हाला काहीच कळलेलं नाही.

आमच्या घरात काकांविषयी बोलत नसत असं नाही. बोलत, पण काकू बोलली की ते अजून आहेत असं बोले. "यांना गूळ जास्त लागतो." "यांना दार आपटलेलं चालत नाही." आम्ही दार हळू लावायचो. लोधीपुऱ्यात आमच्या गल्लीत टांगा आला की चाकांचा आवाज पुढे निघून जाईपर्यंत घरातलं बोलणं थांबायचं. स्टेशन लांब, तेव्हा टांग्यानं येणारा माणूस बाहेरगावचाच असणार. आवाज पुढे गेला की जे अर्धं राहिलेलं असे ते वाक्य जो तो पुरं करी. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं करतात. दुसऱ्यांच्या घरी जेवायला जाऊ लागलो तेव्हा कळलं, तसं नाही.

पासपोर्टसाठी फोटो काढायचा होता तेव्हा काकू माझ्याबरोबर फोटोवाल्याकडे आली. कचेरीला लागतात त्यापेक्षा पुष्कळ जास्त प्रती तिनं सांगितल्या. फोटोवाला म्हणाला, "एवढ्या कशाला बाई? लग्न जमवायचंय का पोराचं?"

"असू द्या," काकू म्हणाली.

एक प्रत घरात भिंतीवर लागली, एक पिठाच्या डब्याखाली गेली, एक फोपनारला आत्याकडे, एक शेजारच्या मास्तरांकडे. मी म्हटलं, "काकू, मी काय हरवणार आहे का?" तिनं उरलेल्या प्रती कागदात गुंडाळल्या. काकांचा फोटो घरात एकच होता, एका वरातीतला, आणि त्यात त्यांनी नेमकी मान हलवलेली. डोक्याच्या जागी धूसर पांढरं काहीतरी आहे. पेढीला, सरकारला, कोणालाही विचारताना सोबत पाठवायला चेहरा नव्हता. म्हणून मी मुलांना आता सांगतो, फोटो कचेरीसाठी काढता तसेच घरासाठी काढा. मुलं हसतात.

काकूच्या बाकीच्या सूचना अशाच होत्या. प्रत्येक बंदरावरून पत्र टाकायचं, दोन ओळींचं का होईना, आणि त्यात पुढच्या बंदराचं नाव लिहायचं. राहायची जागा बदलायची तर आधी नवा पत्ता कळवायचा, मग सामान हलवायचं. घरचा पत्ता ट्रंकेच्या झाकणाच्या आतून रंगवायचा, इंग्रजीत आणि आपल्या अक्षरात. बोटीवर कोणाशी ओळख झाली की त्याचा पत्ता घ्यायच्या आधी आपल्या घरचा त्याला द्यायचा. "त्याचा तुला काय उपयोग?" ती म्हणायची. "तुझा आम्हाला आहे."

बाहेरचं ज्ञान मला आणखी एका माणसाकडून मिळालं. वडिलांच्या ओळखीचे एक बोहरी चाचा होते, तरुणपणी मालाबरोबर पुष्कळ बंदरं फिरलेले. त्यांच्या दुकानात गादीवर बसवून त्यांनी मला सांगितलं, "बेटा, सगळे पैसे एकाच ठिकाणी बदलून घ्यायचे नाहीत. पासपोर्ट पेटीत नाही, अंगावर. बंदरावर उतरलास की आधी विचार, बोट वापस कधी निघणार, आणि ते दोघांना विचार. आणि रस्ता रस्त्यावर कोणाला विचारायचा नाही. दुकानाची पाटी बघायची. आपल्या मुलखाची लिपी दिसली की आत जायचं. दुकानदार भागके कहाँ जाएगा? तो खरं सांगतो."

मी विचारलं, "आता तुम्ही कुठं जात नाही?"

ते हसले, पण नीट नाही. "भाऊ कराचीला आहे माझा. आधी एक पिशवी उचलायचो नि जायचो, जसं जळगावला जातो. आता त्याच्याकडे जायला पण तुझ्यासारखा फोटो काढायचा, अर्ज करायचा. मी गेलोच नाही. जिथं तयारी न करता जायचो, तिथं तयारी करून कसं जायचं, ते मला नाही येत."

तेव्हा सगळंच बदलत होतं. संस्थानं गेली होती, नकाशे नवे छापले जात होते, आमच्या प्रांताचं नाव बदललं होतं, आणि खांडव्याच्या कचेरीत जुन्या कागदांवरचं नाव शाईनं खोडून वर नवं लिहिलेलं असे. माझ्या अर्जावरही तसंच होतं. आपला देश कुठं संपतो हेच लोक नव्यानं शिकत होते.

तर तयारी नीट चालली होती. कोटापर्यंत.

जपानात थंडी असते असं शिष्यवृत्तीच्या कागदात लिहिलं होतं. लोकरीचा कोट शिवायचा म्हणजे वडिलांना जड. काकूनं कोणाला न विचारता तिची पेटी उघडली आणि कडुलिंबाच्या पाल्यातून एक काळा कोट काढला. काकांचा. सिंगापूरला उकाडा असतो म्हणून त्यांनी तो घरी ठेवला होता. तिनं तो दोन दिवस उन्हात टाकला, झटकला आणि मला म्हणाली, "घाल बरं. बाहीचं काय करायचं ते बघू."

मी तो मधल्या खोलीत घातला. बाहीचं काहीच करावं लागलं नाही. खांद्याला, पाठीला, सगळीकडे बसला. काकू समोर उभी होती. तिनं कॉलर नीट केली, हात मागे घेतला, आणि ती माझ्याकडे न बघता कोटाकडे बघत राहिली. मला तो काढून टाकावासा वाटला, पण कसं म्हणावं ते कळेना.

तेवढ्यात मागून कोणीतरी किंचाळलं, "भावड्या!"

आत्या दारात उभी होती. काकांना ती भावड्या म्हणे. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण, फोपनारला दिलेली, केळीचं शेत असलेल्या घरात. आमच्याकडे यायची तेव्हा डोक्यावर काहीतरी घेऊनच यायची. त्या दिवशी पाटी होती, ती खाली पडली आणि केळी ओसरीभर झाली. ती पाठमोऱ्या मला बघून तिथंच बसली.

मी वळलो. "आत्या, मी आहे."

"काढ," ती म्हणाली. "तो कोट काढ आधी अंगातून."

वडील आतून आले. "अक्का, कोट आहे नुसता."

"मले दिसतं कोट हाये ते. आत कोण हाये ते नाही दिसलं मले मागून." तिचा श्वास लागला होता. काकूनं पाण्याचा तांब्या आणला, "वन्सं, पाणी घ्या," म्हणाली. आत्यानं तांब्या घेतला पण प्यायली नाही. वडिलांना म्हणाली, "एक माणूस समुद्रापार गेला तो मेला का जिता, कळलं नाही. त्याला पाणी नाही, पिंड नाही. आणि तू दुसरा पाठवून राह्यला त्याच रस्त्यानं? त्याचाच कोट घालून? तो याला बोलावीन. एकटा हाये तो तिकडे."

तिनं तांब्या तसाच खाली ठेवला.

"बारा वर्षं झाली," आत्या म्हणाली. "आता करून टाका. मग पाठवा पोराला कुठं पाठवायचं ते."

आमच्याकडे असं आहे, की माणसाचा बारा वर्षं पत्ता लागला नाही तर पळसाच्या पानांचा त्याचा पुतळा करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. मग दहावं, बारावं, सगळं रीतीप्रमाणे. मुलगा नसला तर पुतण्यानं करायचं. त्या घरात पुतण्या मी एकटाच. आणि ते झालं की काकूच्या कपाळावरचं जायचं. हे कोणी बोलून दाखवलं नाही. काकू केळी गोळा करत होती. तिनं एकेक उचलून पाटीत ठेवली, पिचलेली वेगळी काढली आणि आत गेली.

वडील भित्रे नाहीत, पण मला पाठवताना ते आतून घाबरलेले होते, हे मला तेव्हापासून दिसू लागलं. दोन दिवसांनी ते गुरुजींकडे जाऊन आले. येत्या अवसेचा दिवस धरला. बोट त्यानंतर होती. मला त्यांनी एवढंच सांगितलं, "तू घरीच राहा त्या दिवशी."

मी काकूकडे गेलो. ती पासपोर्ट अंगावर बाळगायला कापडी पिशवी शिवत होती, चाचांनी सांगितलं होतं तशी.

"काकू, बाबांनी दिवस धरला."

"माहीत आहे."

"तुझं काय म्हणणं आहे?"

"मला कोणी विचारलं नाही."

"मी विचारतोय ना."

तिनं दोरा दातानं तोडला. "मी हो म्हटलं तर यांना मीच मारलं. नाही म्हटलं तर तुझ्या वाटेत मी आडवी आले, उद्या तुला काही झालं की सगळे माझ्याकडे बघतील. मला यात घालू नकोस. अग्नी तुझ्या हातून आहे. तू काय ते सांग."

मला सांगायची सवय नव्हती. मी वर्गातसुद्धा उत्तर येत असून हात वर न करणारा मुलगा. त्या घरात माझ्या शब्दावर काही ठरेल असं कधी झालं नव्हतं. मी तिच्या हातातल्या पिशवीकडे बघत राहिलो. शेवटी जे मनात होतं ते कसंबसं बाहेर आलं. "बोट सिंगापूरला एक दिवस थांबते. मी आधी तिथं विचारून बघतो. मग करीन."

"आणि नाही कळलं तर?"

"तरी करीन. आल्यावर. तू म्हणशील तेव्हा."

"आल्यावर," काकू म्हणाली. तेवढंच. तिनं सुईत परत दोरा ओवला.

वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "एका दिवसात? शहर आहे ते, फोपनार नाही." त्यांनी टोपी डोक्यावर घातली, परत काढून खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "ठीक आहे. पण अक्काला तू सांगायचं. मी नाही सांगणार."

आत्या शेतात होती. केळीच्या ओळीत पाटाचं पाणी सोडलेलं, ती पदर खोचून चिखलात उभी. मी बांधावरून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शिकला ना तू! बोट थांबते म्हणे. कायले, तो धक्क्यावर उभा हाये का तुझी वाट पाहत?"

"नाही आत्या, पण विचारायला काय..."

"आणि असला उभा, मग? तू ओळखशील त्याले?"

मी नाही म्हटलं. खरंच, मला काकांचा चेहरा आठवत नव्हता. एकदा त्यांच्या खांद्यावर बसून ताबूत बघितल्याचं आठवतं, म्हणजे आठवतात त्यांचे केस.

"तेच म्हणते मी," आत्या म्हणाली. आता तिचा आवाज टाकून बोलल्यासारखा नव्हता. "तू नाही ओळखणार. तो ओळखीन तुले."

ती मला पोचवायला स्टेशनवर आली नाही. पण केळ्यांचा एक घड पाठवला, कच्चा, बोटीवर पिकेल म्हणून. तो सगळाच्या सगळा एकाच दिवशी पिकला. आमच्या डेकवरच्या अनोळखी माणसांनी पोटभर केळी खाल्ली आणि त्यामुळे माझ्या ओळखी झाल्या. प्रत्येकाला मी घरचा पत्ता दिला. परदेशी जाताना वाटून खायचं काहीतरी न्यावं, ही सूचना माझी स्वतःची आहे. पण केळी नेऊ नयेत.

बोट लागणं म्हणजे काय ते मी इथं लिहीत नाही. सुंठ आणि लिंबू जवळ ठेवावं, रिकाम्या पोटी राहू नये, आणि आडवं पडून राहण्यापेक्षा वर वाऱ्यावर जावं. मला यातलं वर जाणं जमत नसे. कठड्याशी उभा राहिलो की आत्याचं वाक्य आठवे. कोट ट्रंकेत होता. तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी ट्रंक उघडून तो आहे ना ते बघितलं, आणि आहे म्हणून बरं वाटलं की वाईट, ते मला आजही सांगता येणार नाही.

कोलंबोहून पत्र टाकलं, पुढचं बंदर पेनांग. पेनांगहून टाकलं, पुढचं बंदर सिंगापूर. ते नाव आमच्या घरून पत्त्यात लिहिलं जाई; पत्राच्या आत मी ते पहिल्यांदाच लिहिलं.

सिंगापूरला उतरलो तेव्हा सकाळ होती. बोट परत कधी निघणार ते दोघांना विचारलं. काकांच्या पत्रांवरच्या रस्त्याचं नाव मला पाठ होतं. चालताना मी माणसांकडे बघत नव्हतो. म्हणजे बघायलाच गेलो होतो, आणि तरी नाही. चाळिशीच्या पुढचा कोणी आपल्याकडचा माणूस समोरून आला, त्यानं क्षणभर जास्त माझ्याकडे बघितलं, की मी खाली बघायचो. मला भीती वाटत होती की कोणीतरी थांबेल आणि माझ्या वडिलांचं नाव घेईल. तसं कोणी थांबलं नाही.

तो रस्ता होता. पत्रातल्या क्रमांकाच्या जागी नवं बांधलेलं दुकान होतं, चिनी माणसाचं, त्यात सायकली. मी पुढे गेलो. थोड्या अंतरावर एका कापडाच्या दुकानाच्या पाटीवर गुजराती अक्षरं दिसली. आत गेलो. गल्ल्यावर एक म्हातारे शेठ होते. मी हिंदीत सांगितलं, कोणाला शोधतोय ते. नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. नाव आठवत नव्हतं.

"कहाँ के थे?"

"बुऱ्हानपूर. खानदेशच्या बाजूला."

"इस गली में ऊपर के माले पर बहुत लड़के रहते थे," ते म्हणाले. "अकेले अकेले. सब मुनीम लोग." मग म्हणाले, "खानदेश का एक था. बैंगन जलाता था."

मला कळलं नाही.

"अरे, बैंगन. सिगड़ी पे पूरा काला करता था, फिर मिर्ची डालके कूटता था. पूरा माला धुएँ से भर जाता. चीनी मकान-मालिक ऊपर दौड़ता, समझता आग लगी. हम लोग हँसते थे. फिर सबको खिलाता था."

आमच्याकडे हिवाळ्यात घरोघरी भरीत असतं. मी तिथं उभा राहून मान हलवली. दुकानात कापडाचा नवा वास होता. मी विचारलं, "फिर?"

जपानी आले, शेठ म्हणाले, तेव्हा सगळे जागा बदलत होते, इथून तिथं, जिथं बाँब पडणार नाही तिथं. मग वर उत्तरेला रेल्वेचं काम निघालं. एकट्या माणसांना घेऊन गेले, पगाराचं सांगून. त्याला नेताना त्यांनी पाहिलं होतं. हातात पेटी नव्हती. "बोला था, पेटी रहने दो, आके लेता हूँ." जे थोडे परत आले ते आधी याच गल्लीत आले, कारण त्यांच्या पेट्या इथं होत्या. ज्यांच्या पेट्यांना कोणी आलं नाही, त्या पुष्कळ दिवस ठेवल्या. मग जागा खाली करावी लागली.

"वो नहीं आया," ते म्हणाले. आणि मग, "तू उसका बेटा है?"

"भतीजा."

त्यांनी मला चहा पाजला. पैसे घेतले नाहीत. मी विचारलं नाही की ती पेटी कुठं गेली. विचारायला हवं होतं असं पुढे वाटलं, पण तेव्हा सुचलं नाही.

पोस्टात बसून मी घरी पत्र लिहिलं. हे मी मुलांना आवर्जून सांगतो: परक्या गावात जे कळेल ते तिथंच, त्याच दिवशी लिहावं, बोटीवर गेल्यावर माणूस त्यात आपलं काहीतरी घालतो. मी शेठजींनी सांगितलं ते तसंच्या तसं लिहिलं. वांग्याचं आणि धुराचंही. ते मेले असतील असं लिहिलं नाही, कारण तसं कोणी मला सांगितलं नव्हतं. जिवंत असतील असंही लिहिलं नाही. पुढचं बंदर हाँगकाँग. पत्र काकूच्या नावानं टाकलं. तिच्या नावानं टपाल आमच्या घरी बारा वर्षांत आलं नव्हतं, हे मला लिफाफा पेटीत पडल्यावर लक्षात आलं.

जपानात मी शिकलो, त्याविषयी कॉलेजात पुष्कळ बोललो आहे. थंडी फार होती. कोट रोज घालावा लागे. काचेच्या दारात मी स्वतःला पाठमोरा कधी दिसू शकत नव्हतो, तेवढं बरं होतं.

काकूचं उत्तर आलं, पेन्सिलीनं लिहिलेलं, तिच्याच हातचं. "तुझं पत्र पोचलं. धुराचं म्हणाले ते खरं आहे. घरीही तसंच करत. बाकी तू आल्यावर बोलू. कानाला बांधत जा." पुढे वडिलांच्या अक्षरात एक ओळ होती, की अक्का फार बोलते, पण तू लक्ष देऊ नको. पुढे आईनं शेजारच्या मास्तरांकडून पत्र लिहवून घेतलं, त्यातून कळलं, त्या संक्रांतीला आत्या सगळ्यांसमोर काकूला म्हणाली होती, "वाण कोणाच्या नावानं घेतेस, बाई?" आणि काकू म्हणाली होती, "पुतण्या येईपर्यंत आहे माझं. त्यानं तसं सांगितलंय." माझ्या एका वाक्याला तिनं असं धरून ठेवलं होतं. त्यानंतर मला तिथं रस्ता ओलांडतानासुद्धा धास्ती वाटे. मी आजारी पडायचं नव्हतं, हरवायचं नव्हतं. मला परत जायचंच होतं.

मी परत आलो. बुऱ्हानपूरला गाडीतून उतरलो तेव्हा वडील, आई, काकू, सगळे फलाटावर होते. वडिलांनी ट्रंक उचलली. आई रडत होती. काकूनं माझ्या पाठीमागे बघितलं, डब्याच्या दाराकडे, आणि गाडी हलेपर्यंत बघत राहिली. मग तिनं माझ्या दोन्ही कानांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, "चल."

महिनाभर तिनं तो विषय काढला नाही, मीही नाही. एका दुपारी शेंगा फोडता फोडता म्हणाली, "गुरुजींना विचारून ये."

"काकू, घाई नाही."

"घाई कुठली? तू आलास ना आता."

तापीच्या घाटावर केलं. असल्या कामाला बायका येत नाहीत, पण काकू आली आणि कोणी अडवलं नाही. आत्यासुद्धा आली होती आणि वरच्या पायरीवर तोंडाला पदर लावून बसली होती. गुरुजींनी दर्भावर पळसाची पानं मांडली. डोकं, हात, छाती, पाय. बघता बघता खाली वाळूवर एक माणूस पडलेला दिसू लागला. मी ओल्या धोतरात उभा होतो. मला अजून चेहरा आठवत नव्हता.

"गुरुजी," काकू मागून म्हणाली, "एवढे उंच नव्हते हे."

गुरुजींनी वर बघितलं. "पानं शास्त्रात सांगितली तेवढी घ्यावी लागतात, बाई. कमी नाही करता येत."

"कमी नका करू. जवळ जवळ लावा."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं, मग खाली वाकून पायांकडची पानं एकावर एक सरकवली. "असे?"

"अजून थोडे."

त्यांनी अजून सरकवली. काकू दोन पायऱ्या उतरून खाली आली, पुतळ्याच्या पायांशी उभी राहिली आणि डोक्यापासून खालपर्यंत नीट बघितलं, माणसाकडे बघतात तसं. तिच्या कपाळावरचं कुंकू अजून होतं.

"हं. एवढेच होते," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "कर आता तू."